नाव पाण्यापर्यंत नेणारा गाडा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सोयगाव तालुका वसलेला आहे. मराठवाड्यात मोडत असूनही येथील पाणी गोदावरीकडे जात नाही. डोंगराच्या उत्तर उतारावरून निघालेले ओढे आणि नद्या खानदेशात उतरतात व अखेरीस तापीस मिळतात. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि नाव ही वस्तू या भूमीस अगदीच परकी आहे असे म्हणता येणार नाही. फर्दापूरजवळच्या अजिंठा लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाच्या कथेतील शिडांचे जहाज भिंतीवर रंगविलेले आहे, आणि ज्या कारागिरांनी ते रंगविले त्यांनी जहाजे प्रत्यक्ष पाहिली असावीत असेच ते चित्र पाहताना वाटते.

आज या भागात जी नाव दिसते, ती मात्र अगदी साधी. धरणे आणि तलाव झाल्यानंतर त्यांच्या जलाशयांत मत्स्यबीज सोडून मासेमारी होऊ लागली. कटला, रोहू, मृगळ या माशांसाठी जाळी टाकणाऱ्यास कोठे थर्माकोलचा तराफा पुरतो, कोठे ट्रकच्या ट्यूबवर भागवून घ्यावे लागते, तर ज्यांना शक्य आहे ते फळ्यांची अथवा फायबरची दहा-बारा फुटी होडी बाळगतात. ही होडी पाण्यावर असते तोपर्यंत एकटा माणूस ती सहज वल्हवितो. कष्ट सुरू होतात ते ती जमिनीवर आली म्हणजे.

समुद्रकाठच्या कोळ्यास आपला किनारा ठाऊक असतो. भरती-ओहोटीने तो मागेपुढे होतो, परंतु दिवसातून दोनदा पुन्हा ठिकाणावर येतो. धरणाच्या काठाचे तसे नाही. पावसाळ्याअखेर जलाशय भरलेला असतो. पुढे रब्बीची आवर्तने, पिण्याचे पाणी आणि उन्हाची वाफ यांमुळे पातळी उतरत जाते आणि काठ रोज थोडाथोडा दूर सरकतो. जलाशयाचा तळ दर पन्नास मीटरला एक मीटर उतरत असेल, तर पाणी चार मीटर खाली गेले की काठ दोनशे मीटर मागे हटतो. दिवाळीत ज्या बाभळीच्या बुंध्याशी नाव बांधली जात होती, तेथून होळीला पाणी दोनशे मीटर पलीकडे असते, आणि मधल्या पट्ट्यात आधी चिखल, मग भेगाळलेली काळी माती, मध्येच दगडगोटे व बाभळीचे काटे.

ऐंशी किलो वजनाची नाव जमिनीवरून ओढावयाची तर तिच्या वजनाच्या सुमारे निम्मा, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास जोर सतत लावावा लागतो. दोघांचे हे काम नव्हे. म्हणून पहाटे जाळे टाकण्यास दोन माणसे पुरत असली, तरी नाव पाण्यात लोटण्यासाठी व नंतर ओढून काढण्यासाठी आणखी दोघे बोलवावे लागतात आणि मिळालेल्या मासळीत त्यांचा वाटा निघतो. नाव ओढली जाते तेव्हा तिचा तळ झिजतो ते वेगळेच. फायबरच्या नावेचा वरचा गुळगुळीत थर घासून गेला की आतील काचतंतूंच्या थरात पाणी मुरू लागते. लाकडी नावेच्या सांध्यांतील भर निघून येते. नाव पाण्यात जितकी झिजते त्याहून अधिक ती जमिनीवर झिजते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. ओढण्याचा त्रास नको म्हणून ती काठावरच सोडून दिली तर रात्रीतून काठ सरकतो, नाव तिरकी होते, वाऱ्याने आदळते, किंवा सकाळी जागेवर नसते.

या अडचणीवर उपाय आहे तो एक दोन चाकी गाडा. परदेशांत हौसेने शिडाच्या छोट्या नावा चालविणाऱ्यांमध्ये तो सर्रास वापरला जातो. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांनी मिरर नावाची प्लायवूडची छोटी नाव तयार केली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर काचपट्टी व राळ लावून ती सामान्य माणसास घरी बांधता येत असे. अशा सत्तर हजारांहून अधिक नावा पुढे बांधल्या गेल्या. ही नाव सव्वातीन मीटरहून किंचित अधिक लांब आणि वजनाने पंचेचाळीस किलोच्या आसपास. घराच्या परसात ठेवलेली नाव पाण्यापर्यंत न्यावयाची तर गाडा हवाच. तो बहुतेकांनी घरीच केला. सोयगावसारख्या ठिकाणी तो करण्यास काहीच अडचण नाही, कारण त्याला लागणारे ज्ञान येथील शेतकऱ्यास बैलगाडीने आधीच देऊन ठेवलेले आहे.

तोल

बैलगाडीत माल भरणारा माणूस पोती कोठेही टाकीत नाही. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार पुढे गेला तर तोच बैलांच्या मानेवर येतो. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे राहील असा तो भरला जातो. नावेच्या गाड्याचे सारे मर्म यातच आहे. येथे बैलांच्या जागी माणूस आहे, एवढाच फरक.

प्रथम नावेचा तोलबिंदू शोधावा लागतो. सपाट जमिनीवर एक गोल पाइप किंवा सरळ वासा आडवा ठेवून त्यावर नाव चढवावी आणि दोन्ही टोके अधांतरी राहतील अशा स्थितीत येईपर्यंत ती पुढेमागे सरकवावी. ज्या जागी ती तोलून राहते तेथे दोन्ही बाजूंस खडूने खूण करावी. बहुतेक छोट्या नावांत ही खूण मध्याच्या थोडी मागे येते, कारण मागची बाजू रुंद व जड असते. डोळ्यांच्या अंदाजाने मध्य धरणाऱ्याचा येथेच घोटाळा होतो.

गाड्याचा आस या खुणेच्या मागे सुमारे पंधरा सेंटीमीटरवर यावा. नाव ऐंशी किलोची असेल आणि आसापासून दांडी दोनशे चाळीस सेंटीमीटर पुढे असेल, तर तरफेच्या नियमाने नावेचा जो भार हातावर येतो तो पाच किलो. गाड्याची स्वतःची तुळईही पुढच्या बाजूलाच असते, तिचा चार-साडेचार किलो भार त्यात मिळवावा. एकूण नऊ किलोच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या निम्म्या बादलीएवढे वजन. शाळेतील शिक्षकांना तरफेचा धडा फळ्याऐवजी येथे शिकविता येईल; मुलांनी दांडीखाली ताणकाटा लावून हिशेब ताडून पाहावा.

हा थोडासा भारही नको, नाव अगदी तोलात असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते चुकीचे ठरते. नाव आसाच्या वर ठेवलेली असते. गाडा उताराला लागला, दांडी चढाच्या बाजूस व मागचे टोक पाण्याकडे असले, म्हणजे उंचावरचा तोलबिंदू उताराकडे झुकतो. तो आसापासून तीस सेंटीमीटर उंच असेल आणि उतार सहास एक असेल, तर हे झुकणे पाच सेंटीमीटरचे असते. सपाटीवर पंधरा सेंटीमीटर राखून ठेवलेले असतील तर उतारावर दहा शिल्लक राहतात आणि दांडी हातात राहते. काहीच राखले नसेल तर नेमक्या उतारावर, ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून दांडी वर उसळते. तीच गोष्ट जाळ्याची. पंधरा किलोचे ओले जाळे सवयीने नावेच्या मागच्या टोकास टाकले, आसाच्या मागे एकशेवीस सेंटीमीटरवर, तर दांडीवरचा साडेसात किलो भार ते एकटे उचलून टाकते. जाळे आसाच्या वरच ठेवावे.

चाके आणि काळी माती

गाडा करावयाचा म्हटले की सर्वांच्या मनात प्रथम सायकलची चाके येतात. ती स्वस्त असतात, हलकी असतात आणि प्रत्येक गावात मिळतात. तरीही ती वापरू नयेत. सायकलच्या चाकाचे आरे उभा भार उत्तम पेलतात, कारण सायकल वळताना स्वतःच कलते. दोन चाकांचा गाडा कलत नाही. एक चाक खड्ड्यात गेले की सारा भार चाकावर आडवा येतो आणि रिंग मुरडते. शिवाय सायकलचे टायर अरुंद असते.

अरुंद चाकाचा तोटा या भागातील लोकांना नव्याने सांगावयास नको. लोखंडी धाव चढविलेले बैलगाडीचे चाक पावसाळ्यात तुंब्यापर्यंत रुतलेले अनेकांनी पाहिले आहे आणि रबरी टायरच्या गाड्या आल्यावर पडलेला फरकही अनुभवला आहे. त्यामागील हिशेब सोपा आहे. टायरमध्ये जितका हवेचा दाब, स्थूलमानाने तितकाच दाब ते जमिनीवर टाकते. नाव व गाडा मिळून प्रत्येक चाकावर पन्नास किलोच्या आसपास भार येतो. सायकलच्या टायरमध्ये पंचेचाळीस पौंड हवा असेल तर हा भार सुमारे सोळा चौरस सेंटीमीटर जागेवर, म्हणजे एका काडेपेटीएवढ्या जागेवर पडतो. रुंद टायरमध्ये दहा पौंडच हवा ठेवली तर तोच भार सत्तर चौरस सेंटीमीटरवर, बोटे सोडून उरलेल्या तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. धरणाच्या काठच्या ओल्या गाळात काडेपेटी रुतते, तळहात पुष्कळ वेळा तरून जातो.

तेव्हा स्कूटरची जुनी चाके या कामास उत्तम. दहा इंची रिंगवरचे साडेतीन इंची टायर भंगाराच्या दुकानातून मिळू शकते. येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. स्कूटरची रिंग पुष्कळदा दोन भागांची असून ते भाग नटांनी एकमेकांस जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना हे नट सोडल्यास रिंग फुटून जबर इजा होऊ शकते. हवा पूर्ण काढल्याखेरीज त्यांना पाना लावू नये. दुसरे असे, की हे चाक आसावर थेट फिरत नाही, ते ड्रमला नटांनी आवळलेले असते. म्हणून जाड पत्र्याची चकती कापून तिच्या मध्यभागी नळीचा तुकडा वेल्डिंगने जोडून घ्यावा, चकतीस रिंगच्या भोकांशी जुळणारी भोके पाडावीत, आणि ही चकती चाकास बसवून नळी आसावर घालावी. वेल्डिंगचे दुकान असलेल्या कोणत्याही गावी हे काम तासा-दोन तासांचे आहे. कारागिरास एवढेच बजावावे, की नळी चकतीशी बरोबर काटकोनात हवी. नाही तर चाक लटपटत चालते.

चाकावर चिखलरोधक पत्रा बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. काळी माती ओली असताना चाकास चिकटते, थरावर थर चढतात आणि पत्रा व टायर यांमध्ये घट्ट बसून चाक फिरेनासे होते. चाकाभोवती सर्व बाजूंनी चार बोटे मोकळी जागा असणे, हाच येथे उत्तम बंदोबस्त.

आस, तुळई व पाळणा

आसासाठी पंचवीस मिलिमीटर जाडीचा भरीव लोखंडी गज घ्यावा. नावेची रुंदी एक मीटर तीस सेंटीमीटर असेल तर गज एवढा लांब असावा, की चाके नावेच्या कडेस घासणार नाहीत. चाकांमधील अंतर जितके जास्त तितका गाडा आडव्या उतारावर स्थिर राहतो. चाकाच्या नळीत नायलॉनचा बुश बसवावा. चेंडूंचे बेअरिंग रस्त्यावर हलके चालते हे खरे, परंतु रोज पाण्यात बुडणाऱ्या चाकात ते फार काळ टिकत नाही. नायलॉन न मिळाल्यास बाभळीच्या लाकडाचा, तेलात चांगला मुरविलेला बुश चालतो. बैलगाडीची चाके ज्या लाकडाची होत आली ते लाकूड एवढ्या भारास कमी पडणार नाही. बुश व आस यांत किंचित फट राखावी, वंगण भरावे, दोन्ही बाजूंस वायसर घालून बाहेरून खीळ मारावी.

तुळई म्हणजे गाड्याचा कणा. दीड इंची जस्ती पाइप किंवा पन्नास मिलिमीटरची चौकोनी नळी यासाठी योग्य. ती आसापासून निघून नावेच्या पुढच्या टोकापलीकडे सुमारे अर्धा मीटर जाते आणि तिच्या शेवटी सत्तर सेंटीमीटर रुंदीची आडवी दांडी बसते, म्हणजे दोन माणसे शेजारी शेजारी राहून ओढू शकतात. तुळई आसाला वेल्डिंगने कायमची जोडू नये. यू आकाराच्या बोल्टने आवळावी, कारण पहिल्या दिवशी काढलेला तोलबिंदू वल्ही, नांगर, पाण्याचा डबा नावेत आल्यावर बदलतो आणि आस चार बोटे पुढे-मागे करावा लागतो. मात्र केवळ बोल्टवरही विसंबता येत नाही. एका चाकापुढे दगड आला की ते चाक अडते, दुसरे पुढे जाऊ पाहते आणि आस तुळईशी तिरका होतो. यासाठी आसाच्या दोन्ही टोकांजवळून तुळईकडे येणारे दोन तिरपे तीर लागतात. आस, तीर व तुळई मिळून त्रिकोण तयार झाला की गाडा मुरडत नाही. तोल जमेपर्यंत हे तीर सैल ठेवावेत व नंतर पक्के करावेत. सुतारकाम जाणणाऱ्याने छपराच्या कैच्या पाहिल्या असतील, तर त्याला हे सांगण्याची गरज नाही.

नाव ठेवावयाची ती जागा विशेष विचाराने करावी लागते. दोन आडव्या लाकडांवर नाव ठेवली तर तिचा भार तळाच्या दोन-तीन ठिकाणी एकवटतो आणि पातळ तळ तेथे दबतो किंवा तडकतो. त्याऐवजी आसाच्या दोन्ही बाजूंस फूटभर उंचीचे दोन खांब उभे करून त्यांच्यामध्ये रुंद नायलॉनची नवार झोळीसारखी सोडावी. नवारीची बाज ज्याप्रमाणे निजणाऱ्याच्या अंगाबरोबर वाकते, त्याप्रमाणे ही झोळी नावेच्या पोटाचा आकार आपोआप घेते. सुती नवार मात्र नको, ती पाण्याने कुजते. नावेचे पुढचे टोक टेकण्यासाठी तुळईवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा ठोकळा बसवावा व त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी ठोकावी. पोत्याचे तरट गुंडाळण्याची पद्धत दिसते. तरट पाणी धरून ठेवते आणि लाकडी नाव नेमकी तेथेच सडते.

झोळी जमिनीपासून जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवावी. नाव तरंगण्यास पंधरा सेंटीमीटर पाणी लागते आणि झोळीचा तळ तीस सेंटीमीटरवर असेल, तर गाडा पंचेचाळीस सेंटीमीटर खोल पाण्यात न्यावा लागतो. आठास एक अशा उतारावर हे अंतर साडेतीन मीटरच्या आसपास भरते. पन्नासास एक अशा सपाट काठावर मात्र साडेबावीस मीटर गाळातून चालावे लागते, आणि तेथे झोळीची दहा सेंटीमीटर उंची वाचविणे म्हणजे पाच मीटर गाळ वाचविणे होय. अशा सपाट काठावर पुष्कळ जण मध्येच थांबून, दांडी हळूहळू उचलून नाव मागच्या टोकाने पाण्यावर सरकवितात. तोल नीट साधलेला असेल तर हे काम एका माणसाने होते.

पाइपांच्या टोकांशी, खालच्या अंगास, आठ मिलिमीटरची भोके ठेवण्यास विसरू नये. बंद पाइपातील हवेमुळे व टायरांमुळे रिकामा गाडा पाण्यात हलका होतो आणि नाव सुटताच जागचा हलतो. भोके असली की पाणी आत शिरते आणि बाहेर काढल्यावर निथळूनही जाते. अडकून राहिलेले पाणी पाइपास आतून खाते. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून गेलेला असतो, तेथे गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावेत.

असा तयार झालेला गाडा तीस-पस्तीस किलोचा होतो. घट्ट जमिनीवर तो नावेसह चार-पाच किलोच्या ओढीने चालतो. गाळात ही ओढ कितीतरी पटींनी वाढते आणि दोघांना घाम फुटतो. पण दोघेच पुरतात.

पाण्याच्या काठी

नाव नेहमी मागच्या टोकाने पाण्यात उतरवावी. दांडी धरणारा माणूस चढाच्या बाजूस राहतो. उताराच्या बाजूस, नावेच्या मागे कोणीही उभे राहू नये. उतार तीव्र असल्यास दांडीस दहा मीटर दोर बांधून तो रोवलेल्या मेखेभोवती एक वेढा घेऊन सैल सोडीत जावे. नावेचा स्वतःचा दोर हातात आल्याशिवाय तिला गाड्याशी बांधून ठेवणारा पट्टा सोडू नये. हा क्रम चुकल्यामुळे रिकामी नाव वाऱ्याबरोबर निघून जाते आणि तिच्यामागे पोहत जाणारा संकटात सापडतो. जीवरक्षक जाकीट नावेत ठेवण्यासाठी नसते, अंगात घालण्यासाठी असते.

काठाची निवड हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. धरणाच्या भरावाच्या आतील बाजूस रचलेले दगडी अस्तर चढउतारास सोयीचे दिसते. तेथून गाडा नेल्यास दगड ढिले होतात आणि भरावाचे नुकसान होते; ती जागा सर्वस्वी वर्ज्य समजावी. सांडवा आणि पाणी सोडण्याची विहीर यांपासूनही दूर राहावे आणि सांडवा वाहत असताना नाव पाण्यात घालूच नये. अलीकडील वर्षांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. २०१७ मध्ये राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली आणि अनेक तलावांतून यंत्रांनी गाळ काढून शेतांत नेण्यात आला. शेतांना त्याचा लाभ झाला. परंतु जेथे खोदाई सारखी झाली नाही तेथे काठालगत उभ्या कडांचे खड्डे राहतात व पाणी चढले की ते दिसेनासे होतात. गाडा उलटा पाण्यात नेणाऱ्याची पाठ पाण्याकडे नसली, तरी नजर नावेमुळे अडलेली असते. त्याचा साथीदार बांबूने तळ चाचपत पुढे गेला पाहिजे.

ग्रामपंचायतींनी ज्यात लक्ष घालावे असा खरा प्रश्न वाटेचा आहे. पाणी उतरू लागले की उघडी पडलेली जमीन गाळपेरासाठी दिली जाते आणि तेथे हरभरा, ज्वारी, वैरणीचा मका उभा राहतो. ज्या पट्ट्यातून दिवाळीपर्यंत नावा वल्हवीत नेल्या, त्याच पट्ट्यातून माघात गाडा न्यावयाचा म्हणजे कोणाच्या तरी पिकातून चाके जातात. मासेमाराची वाट खरी आणि गाळपेर करणाऱ्याचे पीकही खरे. भांडण झाल्यावर दोघांनाही समजाविणे कठीण जाते. पेरणीपूर्वीच, पाटबंधारे खात्याचे अधिकारी, मच्छीमार संस्था व गाळपेर घेणारे शेतकरी यांनी एकत्र येऊन पाण्याच्या दिशेने सरळ जाणारी तीन मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवल्यास वाद उद्भवत नाही. पट्टी सरळ पाण्याकडेच असावी. काठाला समांतर गेली तर महिन्याभरात तिचा उपयोग संपतो. तिच्या चिखलाच्या भागात तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या पसरल्यास चाके रुतत नाहीत. कापसाच्या या तालुक्यात पऱ्हाट्यांना तोटा नाही.

नाव आणि गाडा गावात आहे, तेव्हा पुरातही त्याचा उपयोग होईल, असा विचार साहजिकच मनात येतो. याबाबत स्पष्टता हवी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच डोंगररांगेत अतिवृष्टी होऊन कन्नड घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक बंद पडली आणि पायथ्याशी चाळीसगाव परिसरात पुराचे पाणी शिरले. डोंगरातून उतरणारे असे पाणी काही तासांत येते आणि ओसरते. घाट बंद झालेला असताना बाहेरून मदत पोहोचणे अवघड असते, हे खरे आहे. परंतु वाहत्या नाल्यात वल्ह्यांची छोटी नाव घालणे म्हणजे वाचविणाऱ्यासच पाण्यात लोटणे होय. सखल वस्तीत किंवा जलाशयाच्या फुगवट्यात साचून राहिलेल्या शांत पाण्यातून वृद्ध, मुले, औषधे व धान्य हलविणे, एवढ्यापुरतीच तिची मर्यादा ओळखावी. त्या मर्यादेत ती मोलाची आहे आणि तेव्हा गाड्याची हवा भरलेली असणे, खिळी जागेवर असणे व तो कोणाच्या अंगणात आहे हे ग्रामपंचायतीस ठाऊक असणे आवश्यक आहे.

गाडा वापरून झाल्यावर पाण्यात किंवा चिखलात सोडू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, पाइपातील पाणी निथळेपर्यंत दांडी उंच टेकवून ठेवावी. महिन्यातून एकदा चाके काढून जुने वंगण पुसावे, नवे भरावे; नवारीचे टाके खांबाजवळ प्रथम उसवतात, ते पाहून घ्यावेत. मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत नाव गाड्यावरच ठेवण्यापेक्षा ती पालथी घालून दोन ओंडक्यांवर टेकवावी आणि गाड्याच्या आसाखाली विटा लावून चाके जमिनीपासून उचलून ठेवावीत, म्हणजे उन्हात एकाच जागी दबून टायरांना भेगा पडत नाहीत.